वाट पाहणाऱ्यांचा इतिहास : ख्रिस्ताच्या पुनरागमनाची आशा आणि मराठी मुलूख

आज आपण माहुलमध्ये बसलो आहोत, तेव्हा सुरुवातही इथल्याच बंदरावरून करू.

बंदरावर बसलेल्या एखाद्या कोळणीला विचारा, भरती कधी लागेल? ती तिथी मोजून सांगेल. आज उधाण आहे की भांग आहे, पाणी किती वर येईल, किती वाजता फिरेल, सगळं तिला ठाऊक असतं. आता तिला विचारा, होडी कधी परत येईल? ती म्हणेल, येईल. एवढंच. भरतीचं गणित आहे, होडीचं नाही. पण म्हणून ती घरी झोपून राहत नाही. टोपल्या धुऊन ठेवते, बर्फाची सोय करते, गिऱ्हाइकाला सांगून ठेवते. होडी येणार हे तिने धरलेलंच असतं, फक्त वेळ तिच्या हातात नसते.

ख्रिस्ती माणूस दोन हजार वर्षं अशीच एक वाट पाहतो आहे. येशू ख्रिस्त पुन्हा येणार, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करणार, आणि देवाचं राज्य पूर्ण होणार, ही ती आशा. आजच्या व्याख्यानात आपण त्या आशेची देवशास्त्रीय सिद्धता करणार नाही. ते काम धर्मगुरूंचं. आपण इतिहास पाहणार आहोत. या आशेने माणसांकडून काय करवून घेतलं? विशेषतः आपल्या मराठी मुलखात ज्यांनी ही वाट पाहिली, त्यांनी वाट पाहता पाहता केलं काय?

हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो, कारण या आशेवर एक जुना आरोप आहे. आरोप असा, की ‘तो येईल आणि सगळं ठीक करील’ असं मानणारा माणूस स्वतः काही करत नाही. आजचं दुःख सोसतो, अन्यायाकडे पाठ फिरवतो आणि आकाशाकडे बघत बसतो. आरोप अगदीच खोटा आहे असं आम्ही म्हणणार नाही. तो तपासून पाहू.

शब्दापासून सुरुवात

पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक अरामी शब्द प्रचलित होता : मारानाथा. प्रभू, ये, असा त्याचा अर्थ. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला, तरी पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी हा शब्द अरामीतच ठेवला आहे. म्हणजे तो इतका तोंडात बसला होता की त्याचं भाषांतर करावंसं वाटलं नाही. आपण ‘आमेन’ म्हणतो तसंच.

येण्यासाठी ग्रीकमध्ये शब्द आहे पारूसिया. राजा किंवा मोठा अधिकारी एखाद्या नगराला भेट द्यायला यायचा, त्या आगमनाला हा शब्द वापरत. लोक वेशीबाहेर जात, त्याला सामोरे होत आणि वाजतगाजत नगरात घेऊन येत. आपल्याकडे पाहुणा मोठा असला की वेशीपर्यंत जायची रीत होती, तशीच. हे चित्र लक्षात ठेवा. यात लोक राजाबरोबर नगर सोडून निघून जात नाहीत. ते त्याला आपल्या नगरात आणतात. त्यामुळे रस्ते झाडून ठेवावे लागतात.

आणि गंमत पाहा. इसवी सन 50 च्या सुमारास पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला पत्र लिहिलं. ख्रिस्ती लेखनातल्या सर्वांत जुन्या पत्रांपैकी हे एक. त्या लोकांची चिंता काय होती? प्रभू येण्याआधीच आमची माणसं मरायला लागली, त्यांचं काय होणार? पौलाने त्यांना धीर दिला. पण त्याच मंडळीच्या नावावरच्या दुसऱ्या पत्रात वेगळीच तक्रार दिसते. काही लोकांनी कामधंदा सोडला होता आणि ते इकडेतिकडे लुडबुड करत फिरत होते. त्यावर उत्तर स्पष्ट आहे : ज्याला काम करायचं नाही, त्याने जेवायलाही येऊ नये. (हशा) म्हणजे मघाचा आरोप नवा नाही. तो पहिल्याच पिढीत केला गेला, आणि तोही घरातूनच.

पुढे 325 मध्ये नायसिया इथे आणि 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपल इथे परिषदा झाल्या. तिथे घडलेल्या श्रद्धासूत्रात पुन्हा येण्याचं आणि न्यायाचं वाक्य कायमचं बसलं. आज इथल्या चर्चमध्ये रविवारी जे म्हटलं जातं ते हेच. पण सूत्रात तारीख नाही, वर्ष नाही. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने तर सांगितलं, की प्रकटीकरणाच्या पुस्तकातली हजार वर्षं अंकगणितासाठी नाहीत, आत्ताचा चर्चचा काळ तोच तो काळ. या मतामुळे पश्चिमेकडे पुष्कळ शतकं ही आशा थोडी शांत राहिली.

साष्टी, पुराण आणि वैकुंठ

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. 1534 मध्ये गुजरातच्या सुलतानाबरोबरच्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर हा सगळा भाग पोर्तुगीजांकडे गेला. साष्टी, तुर्भे, मुंबईची बेटं. माहुल हे तुर्भे बेटाच्या काठचं गाव. या पट्ट्यातले कोळी, कुणबी, भंडारी, आगरी यांच्यातली अनेक कुटुंबं त्या काळात ख्रिस्ती झाली. त्यात सत्तेचा दबाव होता, सवलतींची लालूच होती आणि काही ठिकाणी मनापासूनचं वळणंही होतं. हे तिन्ही एकत्र सांगितल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही.

साष्टी नावाचे दोन प्रांत आहेत हे आपल्याला माहीत असेल. एक आपली, मुंबईची. दुसरी गोव्याची, मडगावकडची. त्या गोव्याच्या साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेजुइट राहत होता. 1579 मध्ये तो गोव्याला आला आणि 1619 मध्ये तिथेच वारला. लोकांनी त्याच्याकडे तक्रार केली, की आमची जुनी पुराणं गेली, आता आम्ही ऐकायचं काय? त्यातून 1616 मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापून झालं. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि भाषा मराठी. स्वर्गाला त्यात शब्द वापरला आहे वैकुंठ.

आम्हाला इथे थोडं थांबावंसं वाटतं. पुराण हा आपला प्रकार आहे आणि पुराणातला काळ गोल फिरतो. कृत, त्रेता, द्वापर, कली आणि पुन्हा कृत. कलियुगाच्या शेवटी कल्की येणार, हेही श्रोत्यांना माहीत होतं. म्हणजे ‘कुणीतरी यायचा आहे’ ही गोष्ट मराठी कानाला परकी नव्हती. नवं होतं ते एवढंच, की इथे जो येणार तो आधी येऊन गेलेलाच आहे. त्याच्या हातांना खिळ्यांचे व्रण आहेत. आणि तो आल्यावर चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार नाही. सरळ रेषेतला काळ गोल काळाच्या साच्यात सांगायचा, हे अवघड काम स्टीफन्सने ओवीत केलं. उपवासकाळात गावोगाव हे पुराण गायलं जात असे.

1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, 1739 मध्ये वसई पडली. पोर्तुगीज पाद्री गेले. राज्य बदललं तर धर्म टिकेल का, हा प्रश्न होता. तो टिकला, आणि तो टिकवला इथल्याच धर्मगुरूंनी आणि घराघरातल्या बायकांनी. 1887 मध्ये या समाजाने आपल्याला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं, ते राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचं वर्ष.

या लोकांची पुनरागमनाची आशा कुठे दिसते? ग्रंथात फारशी दिसत नाही. मिस्सा लॅटिनमध्ये होती, श्रद्धासूत्रही लॅटिनमध्ये. ती दिसते दफनभूमीत. सिमेट्री हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ झोपण्याची जागा. मेलेला माणूस संपला असं नाही, तो निजला आहे आणि हाक येईपर्यंत निजणार आहे. 2 नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी उपनगरांतल्या दफनभूम्या मेणबत्त्यांनी उजळतात, त्यामागे ही समजूत आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा वांद्र्यापासून पुढे अनेक गावठाणांत लोकांनी चौकात क्रूस उभारले. ‘प्लेग क्रॉस’ म्हणून त्यातले काही आजही उभे आहेत. रोज प्रेतं उचलणाऱ्या माणसांनी ते उभारले. मरण शेवटचं नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

पुढे 1962 ते 65 या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि मिस्सा लोकभाषेत आली. तेव्हापासून मिस्साच्या मध्यावर सगळी सभा मिळून ख्रिस्ताचं मरण, त्याचं पुनरुत्थान आणि त्याचं पुन्हा येणं यांची घोषणा करते. चारशे वर्षं जे मनात होतं ते आपल्या भाषेत मोठ्याने म्हणायला मिळालं. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. पुष्कळांना वाटतं ही फक्त गव्हाणीची तयारी. मुळात त्या चार आठवड्यांचा अर्धा भाग दुसऱ्या आगमनासाठी आहे.

पहाट होणार म्हणून

आता दुसरी धारा, प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांची. फेब्रुवारी 1813 मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघालं होतं. त्याच वर्षी सनद बदलली आणि ते राहिले. पाठोपाठ सॅम्युएल न्यूअल आला. त्याची तरुण बायको हॅरिएट वाटेतच मॉरिशसला वारली होती.

1818 मध्ये हॉल आणि न्यूअल यांनी मुंबईत बसून एक पुस्तिका लिहिली. जगाचं परिवर्तन हा विषय, आणि साठ कोटी अख्रिस्ती लोकांचा दावा ख्रिस्ती चर्चपुढे मांडलेला. आज वाचताना नवल वाटतं. हाताशी मूठभर माणसं, आणि हिशेब सगळ्या जगाचा. हे धाडस कुठून आलं? त्या पिढीच्या अमेरिकन प्रॉटेस्टंट लोकांचा विश्वास होता, की सुवार्ता हळूहळू सगळीकडे पसरेल, शाळा निघतील, गुलामी जाईल, युद्धं थांबतील, शांततेची हजार वर्षं येतील आणि त्यानंतर प्रभू येईल. म्हणजे आधी पहाट, मग सूर्य.

म्हणून त्या काळातल्या मराठी ख्रिस्ती नावांकडे पाहा. 1842 मध्ये अहमदनगरला निघालेलं नियतकालिक, नाव ‘ज्ञानोदय’. 1880 च्या दशकात बाबा पदमनजींचं आत्मचरित्र, नाव ‘अरुणोदय’. सगळीकडे उजाडतं आहे. हे केवळ शोभेचे शब्द नाहीत असं आम्हाला वाटतं. त्या शब्दांमागे भविष्याचा एक नकाशा आहे.

या नकाशाचं श्रेय द्यायला हवं. शाळा काढा, मुलींना शिकवा, छापखाना चालवा, हे सगळं त्या पहाटेची तयारी म्हणून झालं. पण त्यात दोष होता, तोही सांगायला हवा. आपल्याकडे पहाट होते आहे असं म्हणणाऱ्याला समोरच्याकडे नुसती रात्र दिसते. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या मुलखात रात्रच होती असं म्हणणं बरोबर नव्हतं. शिवाय देवाचं राज्य आणि इंग्रजांचं राज्य यांतली सीमारेषा पुष्कळदा पुसट झाली. न्यूअल 1821 मध्ये मुंबईत पटकीने गेला. हॉल 1826 मध्ये नाशिककडच्या प्रवासात, तोही पटकीनेच. साठ कोटींचा हिशेब तसाच राहिला. पण त्याच वर्षी, 1826 मध्ये, त्यांच्या मिशनने मराठी नवा करार पुरा छापला.

तारीख ठरवणारे

मध्येच एक वळण घेऊ, कारण या विषयात ते टाळून चालत नाही. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याने दानिएलाच्या पुस्तकातल्या आकड्यांवरून गणित केलं. त्याच्या अनुयायांनी शेवटी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली. काहींनी शेतातलं पीक काढलंच नाही. तो दिवस गेला, रात्र गेली, सकाळ झाली. इतिहासात त्याला ‘महान निराशा’ म्हणतात.

हसण्यासारखी गोष्ट वाटते, पण आम्हाला हसू येत नाही. ज्याने सगळी आशा एका सकाळवर टाकली आणि ती सकाळ नेहमीसारखी उजाडली, त्याचं दुःख खरं असतं. त्या निराशेतून जे सावरले त्यांतून सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी 1863 मध्ये संघटित झाली. नावातच आगमन आहे. आपल्याला त्यांची ओळख पुण्यातून आहे. सॅलिसबरी पार्कमधला त्यांचा छापखाना आणि गणेशखिंडीकडचं स्पायसर कॉलेज. धडा असा, की ज्या मंडळींनी तारीख सोडली आणि आशा ठेवली, त्यांनी शाळा बांधल्या. भरतीसारखं होडीचं गणित करता येत नाही, हे त्यांना फार महाग पडून कळलं.

केडगावची विहीर

आता आपण आजच्या विषयाच्या मध्यावर आलो. पंडिता रमाबाई. जन्म 1858. संस्कृत पंडिता, विधवा, आणि 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेली बाई. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं.

केडगाव म्हणजे दौंडकडचा कोरडा माळ. तिथे रमाबाईंनी पहिल्यांदा काय केलं? विहिरी खोदल्या. शेती केली. विणकाम, तेलघाणा, छापखाना, अंध मुलींचं शिक्षण. हे आधी लक्षात ठेवा, मग पुढची गोष्ट ऐका.

1905 च्या सुरुवातीला रमाबाईंनी मुलींना रोज जमून प्रार्थना करायला सांगितलं. आधी सत्तरएक जणी येत, मग संख्या वाढत गेली. वेल्समध्ये तेव्हा मोठी धर्मजागृती सुरू होती, खासी टेकड्यांतही तिचे पडसाद आले होते. जूनच्या अखेरीस केडगावला एका रात्री एका मुलीभोवती दुसरीला आग दिसली आणि ती पाण्याची बादली आणायला धावली, अशी हकीकत मिशनमधल्या मिनी एब्रम्स या अमेरिकन बाईंनी नोंदवून ठेवली आहे. रडणं, पापं कबूल करणं, गाणं, तासन्‌तास प्रार्थना. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची प्रसिद्ध सभा 1906 ची. केडगाव तिच्या आधीचं आहे. एब्रम्सबाईंनी लिहिलेली पुस्तिका दूर चिलीमध्ये पोहोचली आणि 1909 मध्ये तिथे जी पेंटेकोस्टल चळवळ सुरू झाली तिला तिने चालना दिली. जगाच्या इतिहासात मराठी मुलखाचा असा एक धागा आहे, आणि तो आपल्या पाठ्यपुस्तकात नाही.

या जागृतीमागे एक प्रतिमा होती, शेवटच्या पावसाची. पॅलेस्टाइनमध्ये पेरणीच्या वेळी एक पाऊस पडतो आणि कापणीआधी दुसरा. आपल्या शब्दांत वळवाचा. त्या काळी अनेकांना वाटलं, की पहिला पाऊस प्रेषितांच्या काळात पडला, आता दुसरा पडतो आहे, म्हणजे कापणी जवळ आली, प्रभूचं येणं जवळ आलं. आता हे शब्द कोण ऐकत होतं ते पाहा. पाऊस पडला नाही म्हणून ज्यांचे आईबाप मेले, त्या मुली. त्यांच्यासाठी पाऊस ही उपमा नव्हती.

मग प्रभू लवकर येणार असं वाटणाऱ्या त्या बायकांनी काय केलं? हात जोडून बसल्या? नाही. मुलींच्या तुकड्या आसपासच्या खेड्यांत निघाल्या. आणि रमाबाईंनी सर्वांत लांब पल्ल्याचं काम हाती घेतलं : मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर, खेड्यातल्या बाईला कळेल अशा भाषेत. सुमारे अठरा वर्षं ते चाललं. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या सगळ्या मुक्तीतल्या बायका. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम थांबलं नाही. ते पुरं झालं आणि 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. पुस्तक 1924 मध्ये बाहेर आलं.

उद्याच जग संपणार असं खरोखर मानणारा माणूस अठरा वर्षांचं काम सुरू करत नाही. आणि प्रभू येणारच नाही असं मानणाराही, निदान रमाबाईंसारखं, ते करत नाही. त्यांनी दोन्ही एकत्र धरलं. आरोपाला इतिहासाने दिलेलं याहून चांगलं उत्तर आम्हाला माहीत नाही.

बळीचं राज्य आणि देवाचा दरबार

आता जरा आपल्या घरातल्या आशेकडे पाहू. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे बायका ओवाळताना म्हणतात, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. कुणाचं राज्य? ज्याला पाताळात गाडलं, त्या राजाचं. तो पुन्हा यावा, कारण त्याच्या राज्यात कुणी उपाशी नव्हतं. ख्रिस्ती प्रार्थनेतही देवाचं राज्य यावं अशी मागणी आहे. दोन्ही मागण्या एक नाहीत, पण एकीचा अर्थ दुसरीमुळे मराठी माणसाला लवकर कळतो. जोतीराव फुल्यांना तो कळला होता. 1873 च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी येशूला बळीच्याच पंगतीत बसवलं. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. पण गाडलेला राजा परत येतो तेव्हा त्याची खरी वाट पाहणारे कोण असतात, हे त्यांनी नेमकं ओळखलं.

दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1861 मध्ये कोकणात जन्म, 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. वारकरी परंपरा जाणणाऱ्या माणसाला वाट पाहणं माहीत असतं, पण थोडं उलट्या बाजूने. पंढरपुरात देवच विटेवर उभा राहून भक्ताची वाट पाहतो. टिळकांच्या ख्रिस्तभक्तीत ही दोन्ही वाट पाहणी मिसळली आहेत असं आम्हाला वाटतं. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दरबार म्हटला की राजा आला. राजा यायचा आहे, पण त्याचा दरबार आजच भरवून ठेवायचा, ही त्यामागची कल्पना. मघाशी आपण वेशीबाहेर सामोऱ्या जाणाऱ्या नगराचं चित्र पाहिलं, ते इथे आठवा. 9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत वारले. दरबार फार चालला नाही. ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. वाट पाहणाऱ्यांची कामं बहुधा अशीच, एकाने सुरू केलेली आणि दुसऱ्याने पुरी केलेली.

माहुलची वाट

शेवटी परत माहुलला येऊ. हे गाव कोळ्यांचं. 1950 च्या दशकात शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने आले. खाडीच्या चिखलात आजही रोहित पक्षी उतरतात, त्यांचे फोटो सगळे काढतात. 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने माहुल-आंबापाड्याच्या हवेने रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं म्हटलं. तरी 2017 पासून तानसा जलवाहिनीच्या कडेची घरं पाडून हजारो माणसांना इथल्या पुनर्वसन इमारतींत आणलं गेलं. 2018 च्या अखेरीस त्यातली कुटुंबं विद्याविहारला रस्त्यावर ठाण मांडून बसली. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने आणखी कुणाला इथे पाठवू नका असं सांगितलं. अनेकांना हे सगळं आमच्याहून जास्त ठाऊक आहे, ते इथे बसले आहेत.

या माणसांना वर्षानुवर्षं एकच शब्द ऐकायला मिळाला : थांबा. म्हणून इथे उभं राहून ‘वाट पाहा’ असं म्हणताना आम्हाला जीभ चावावी लागते. दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एक, दुसऱ्याने लादलेली वाट. खिडकीपलीकडचा माणूस म्हणतो पुढच्या महिन्यात या, आणि तो महिना येत नाही. दुसरी, आपण स्वतः पत्करलेली वाट, जिच्यात टोपल्या धुतल्या जातात, विहीर खोदली जाते, भाषांतर पुरं होतं. ज्यांनी पहिलीला दुसरीचं नाव दिलं, गरिबाला स्वर्ग दाखवून त्याच्या जमिनीवर बोलू दिलं नाही, त्यांच्यावर तो जुना आरोप लागू होतो. चर्चमध्येही असे लोक होऊन गेले. त्यांची बाजू आम्ही घेणार नाही.

पण श्रद्धासूत्रातला एक शब्द आपण घाईत म्हणून पुढे जातो. तो न्यायासाठी येणार आहे. ज्याचं सगळं नीट चाललं आहे त्याला हा शब्द ऐकून भीती वाटते. ज्याची फाइल अडकली आहे, ज्याच्या मुलाला दमा आहे, ज्याचं म्हणणं कुणी लिहून घेतलं नाही, त्याला तो शब्द आधाराचा वाटतो. कुठेतरी, कधीतरी, सगळं उघडं वाचलं जाईल. कुठलंही न्यायालय शेवटचं नाही, तसंच कुठलंही अन्यायाचं राज्यही शेवटचं नाही. ही खात्री ज्याला असते तो आजच्या लढाईत सहसा थकून जात नाही. एकदा हरला तरी पुन्हा अर्ज लिहायला बसतो.

म्हणून आरोपाचं उत्तर आम्ही असं देऊ. या आशेने काही माणसांना नुसतं बसवून ठेवलं, हे खरं. काहींना तारखांच्या मागे धावायला लावलं, हेही खरं. पण याच आशेने प्लेगच्या दिवसांत चौकात क्रूस उभारला, कोरड्या माळावर विहीर खोदली आणि खेड्यातल्या बाईच्या हातात तिला कळेल असं पुस्तक दिलं. आशा खरी की खोटी, हे इतिहास ठरवू शकत नाही. ती कुणाच्या हाताला काम देते आणि कुणाचे हात बांधते, एवढं मात्र त्याला सांगता येतं. बाकीचं प्रत्येकाने आपल्या मनाशी ठरवायचं.

बाहेर आता अंधार पडला आहे, घरी जाताना जपून जा. प्रश्न असतील तर आपण दहा मिनिटं थांबू.